ओटोमन कोणाला द्यायचा?

ज्या खेळात सगळे भिडू सारख्याच ताकदीचे असतात, त्यात मराठी माणूस फार काळ रमत नाही. सगळेच सारखे म्हटल्यावर नावं कोणाला ठेवायची? ‘त्याचं बरंय हो, त्याला सगळं आयतं मिळालंय’ हे वाक्य टाकायची सोयच नसेल, तर हरल्यावर बोलायचं काय? संगणकावरचे डावपेचांचे खेळ बनवणाऱ्यांना ही गरज ठाऊक असावी. कारण मुद्दाम म्हणा की नजरचुकीने म्हणा, अशा खेळांत एक तरी गट असा निघतोच, की त्याचं नाव काढलं की बाकीचे कपाळाला हात लावतात. खेळणाऱ्यांच्या भाषेत तो गट ‘ओपी’, म्हणजे ओव्हरपॉवर्ड.

‘एज ऑफ एम्पायर्स 2’ हा 1999 चा खेळ. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांवर त्याने कित्येकांच्या सबमिशनांची वाट लावली. त्यात एप्रिल 2022 मध्ये गुर्जर आले. त्यांच्या एका जातीच्या घोडेस्वारांना बाण लागेनात, आणि गिरणीत शेळ्यामेंढ्या कोंडून ठेवल्या की अन्नसाठा आपोआप वाढायला लागला. जगभरातून एवढी बोंब उठली की बनवणाऱ्यांना त्यांची ताकद उतरवावी लागली. ताकद उतरवल्यावर बोंबही थांबली आणि त्यांच्याबद्दलच्या गप्पाही थांबल्या.

आमच्या वाकडच्या मंडळींना तसला उतरवलेला माल नको होता. म्हणून आम्ही ‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’ घेतला. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने 2013 मध्ये काढलेला हा खेळ 11 नोव्हेंबर 1444 ला सुरू होतो आणि 1821 च्या जानेवारीत संपतो. पावणेचारशे वर्षं. पेशवाई बुडाली 1818 ला. म्हणजे ती बुडाल्यावर कोणामुळे बुडाली हे ठरवायलाही खेळात तीनेक वर्षं शिल्लक राहतात. जगातलं वाट्टेल ते राज्य घ्या आणि वाढवा. सगळे देश असे शेकडोंनी मांडून ठेवलेले, आणि त्यांत एक ओटोमन. 1444 ला त्यांच्या हातात इस्तंबूलसुद्धा नाही, पण सैन्य चोख, तिजोरी भरलेली, जागा मोक्याची आणि शेजारी सगळे आपसात भांडणारे. एवढं असून भागलं नाही म्हणून 2023 मध्ये ‘डॉमिनेशन’ नावाचं डीएलसी, म्हणजे वेगळी विकत घ्यायची पुरवणी, काढून त्यांना आणखी नव्या कामगिऱ्या बहाल केल्या. पहिल्या दीडशे वर्षांत ओटोमनच्या वाटेला जायचं नाही, हे या खेळात नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात.

आम्ही सहा जण. नावं सोडा, आमच्यात नावाने कोणी कोणाला हाक मारतच नाही. हिंजवडीत बिझनेस अॅनालिस्ट असलेला तो ‘एक्सेल’. त्याने स्वतःच्या लग्नात पंगतींचीसुद्धा पिव्होट टेबलं केली होती. पिंपरी कोर्टात प्रॅक्टिस करणारा ‘वकील’. भोसरीच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभाग सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ‘क्वालिटी’च म्हणतात. आमच्यात हा खेळ खरोखर खेळून शिकलेल्या त्या एकट्याच, त्यामुळे सल्ला देताना त्यांना कोणी विचारत नाही. ‘काका’ पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गुडघ्यांमुळे फिरणं बंद आणि त्यामुळे जगज्जेतेपदाला पूर्ण मोकळे. चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये असलेले आमचे ‘दाजी’, म्हणजे माझ्या ताईचे यजमान. आणि मी.

सगळे एकमेकांपासून किलोमीटरभराच्या आत राहतो, कस्पटे वस्ती ते दत्तमंदिर रोड. पण एकमेकांच्या घरी जमून खेळत नाही, कारण वाकडमध्ये मित्राच्या घरी जायला वेळ लागत नाही, व्हिजिटर पार्किंग मिळवायला लागतो. म्हणून खेळ डिस्कॉर्डवर आणि आखणी मात्र डांगे चौकाकडच्या एका अमृततुल्यात, उभ्याने.

आखणीचा पहिला प्रश्न: ओटोमन कोणाला द्यायचा?

हा प्रश्न निघाला की माणसाचा खरा स्वभाव दिसतो. ओटोमन हवा सगळ्यांनाच होता, पण ‘मला द्या’ म्हणणं शोभत नाही. ‘मला कुठलाही चालेल’ असं एक्सेल म्हणाला, पण त्याच्या फोनमधल्या शीटवर ओटोमनच्या पुढे त्याचं नाव आधीच फिकट करड्या रंगात लिहिलेलं वकिलाने पाहिलं. वकील म्हणाला, ‘बलाढ्य देश अनुभवी माणसाकडे असावा, वैयक्तिक काही नाही.’ अनुभवी म्हणजे क्वालिटी, असा अर्थ निघतोय हे लक्षात आल्यावर त्याने ‘आणि कायद्याची जाण असलेल्या’ अशी दुरुस्ती सुचवली. क्वालिटी म्हणाल्या, ‘मला नको. ओटोमन घेऊन जिंकलं तर कोणी जिंकलं म्हणत नाही आणि हरलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.’ हे इतकं खरं होतं की क्षणभर कोणालाच ओटोमन नको झाला.

त्या दिवशी दाजी सेकंड शिफ्टला होते. सोसायटीच्या सभेला जो येत नाही त्याला खजिनदार करतात, त्या न्यायाने ओटोमन दाजींना गेला. ठराव एकमताने मंजूर. मी फोन करून कळवलं, ‘दाजी, तुम्ही ओटोमन.’ मागे कसलासा कॉम्प्रेसर धडधडत होता. ते म्हणाले, ‘बरं. किती द्यायचे?’ त्यांना वाटलं वर्गणी आहे.

मग खरी आखणी सुरू झाली, ती दाजींच्या विरुद्ध. दाजींनी तोवर खेळ डाउनलोडही केला नव्हता.

एक्सेलने ऑस्ट्रिया घेतलं, कारण तिथला राजा हा सगळ्या जर्मन संस्थानांचा सम्राट असतो आणि त्यात बेरजा पुष्कळ असतात. वकिलाने हंगेरी घेतलं. खेळ सुरू होतो त्याच्या आदल्याच दिवशी, म्हणजे 10 नोव्हेंबर 1444 ला, वर्नाच्या लढाईत ओटोमनांनी हंगेरीचा राजा मारला आहे. ‘म्हणजे आपली केस भक्कम आहे,’ वकील म्हणाला. क्वालिटींनी इजिप्तचे मामलुक घेतले. खऱ्या इतिहासात ओटोमनांनी मामलुकांना 1516-17 च्या दोन मोठ्या लढायांत संपवलं; ‘तेवढी चूक दुरुस्त करते,’ एवढंच त्या म्हणाल्या. मला व्हेनिस आलं. व्हेनिसकडे पैसा, जहाजं आणि क्रीटसारखी बेटं. जमिनीवरची लढाई मात्र जमेल तितकी दुसऱ्याने करावी, अशी या राज्याची परंपरा असल्याने ते मला लगेच आवडलं.

उरले काका. काकांनी नकाशावर बोट ठेवलं ते बिदरवर. ‘मी बहमनी घेणार.’

‘काका, आपण युरोपात आहोत.’

‘तुम्ही असाल. मी बहमनीतून मराठा राज्य उभं करणार. खेळात तशी सोय आहे, मी वाचलंय.’

सोय खरोखरच आहे. मराठी संस्कृतीच्या राज्याने अटी पूर्ण केल्या की त्याला ‘मराठा’ होता येतं. पण ओटोमनविरोधी आघाडीत बिदरचा उपयोग काय? एक्सेलने अंतर मोजून दाखवलं. काका म्हणाले, ‘तुम्ही लढा. मी नैतिक पाठिंबा देतो.’ शीटमध्ये बहमनीपुढे ‘राखीव’ असं लिहिण्यात आलं.

ती शीट हा स्वतंत्र विषय आहे. देश, खेळाडू, बलस्थान, धोका, शिफ्ट असे रकाने, आणि शेवटचा रकाना ‘घरचे’. त्यात प्रत्येकाच्या घरून रविवारी संध्याकाळी किती तासांची मंजुरी आहे ते लिहायचं. ‘धोका’ हा रकाना फक्त दाजींच्या ओळीत भरलेला होता आणि तो भरता भरता कॉलम एवढा रुंद झाला की बाकीचे देश पाहायला उजवीकडे सरकत जावं लागे. एक्सेलने मोहीम कधी संपेल याचाही हिशेब केला. एका बैठकीत पाऊण शतक उरकलं तरी पुष्कळ. मध्ये गणपती, दिवाळी, एकाचं अप्रेझल, एकाच्या मुलीची बारावी. ओटोमनांपेक्षा बारावीच्या वेळापत्रकाचा आघाडीला जास्त धोका होता.

यजमान कोण, यावरून मात्र आघाडी फुटता फुटता राहिली. या खेळाची डीएलसी बेताच्या पैशांत येत नाहीत आणि ती आहेत ढिगाने. पण त्यात एक सुंदर नियम आहे: जो होस्ट असतो त्याने घेतलेली डीएलसी त्या डावापुरती सगळ्यांना वापरायला मिळतात. एकाने विकत घ्यायचं आणि सहांनी वापरायचं! स्वीडनमधल्या माणसांना हे सुचलं याचं काकांना इतकं कौतुक वाटलं की ते म्हणाले, यांचा कोणी तरी पूर्वज सदाशिव पेठेत राहून गेला असला पाहिजे. पुढचे काही आठवडे आमच्यापैकी प्रत्येक जण ‘स्टीमवर सेल लागला की मी घेतो’ म्हणत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता. शेवटी क्वालिटींकडे सगळी डीएलसी आधीपासूनच आहेत असं निघालं. ‘मग आधी का नाही बोललात?’ ‘कोणी विचारलं?’

नियमावली अर्थात वकिलाने केली. कलम 4(ब): ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव ग्राह्य धरला जाणार नाही. कलम 11: घरकाम ही नैसर्गिक आपत्ती समजली जाईल आणि तिच्या काळात कोणीही त्या देशावर चाल करणार नाही. सगळ्यांत वादग्रस्त कलम 7: पहिली पन्नास वर्षं ओटोमनने कोणावरही चालून जायचं नाही. अपवाद इस्तंबूल, कारण 1453 हे साल शाळेत पाठ केलेलं असल्यामुळे ते बदलणं योग्य दिसणार नाही.

क्वालिटींनी कलम 7 दोनदा वाचलं. ‘मग पन्नास वर्षं ओटोमनने करायचं काय?’

‘बलाढ्य राहायचं,’ वकील म्हणाला.

या काळात आमच्यात जी एकी होती ती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. एक्सेल आणि वकील एकाच सोसायटीतले. स्टिल्ट पार्किंगमधल्या एका खांबावरून त्यांचं बोलणं बंद होतं. आता ते रात्री अकराला एकमेकांना बेलग्रेडच्या किल्ल्याबद्दल व्हॉइस नोट पाठवत होते. बलाढ्य गटामुळे खेळाचा तोल जातो अशी खेळणाऱ्यांची कायमची तक्रार असते. आमच्याकडे तोल जो काही होता तो त्या एका गटामुळेच होता. ओटोमन नसता तर ऑस्ट्रिया आणि हंगेरी पहिल्याच संध्याकाळी त्या खांबावरून लढले असते.

माझी एकट्याची पंचाईत वेगळी होती. दाजींवर पहिला वार मी करायचा नाही, हे कुठल्या कलमात नसलं तरी ताईच्या लग्नातच ठरलेलं आहे. खेळात दोन राजघराण्यांत सोयरीक झाली की त्यांच्यात लढाई लावायला जबर किंमत मोजावी लागते. ती किंमत काय असते हे पॅराडॉक्सवाल्यांनी आकड्यांत मांडलंय. मला ती दरवर्षी भाऊबीजेला मोजावी लागली असती. तेव्हा व्हेनिसने पैसा पुरवायचा आणि तलवार इतरांनी चालवायची, असं मी मोठ्या मनाने सुचवलं.

एवढी तयारी झाल्यावरही ‘आपल्याच्याने होईल का?’ असा प्रश्न वकिलाने काढलाच. तेव्हा काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. ‘ओपी गटाशी कसं लढायचं ते आपल्या लोकांना शिकवू नका. वडगाव मावळ इथनं किती लांब आहे?’

लांब नाही. जुन्या हायवेने, तळेगाव ओलांडलं की वडगाव. 1778 च्या अखेरीला मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांना बरोबर घेऊन पुण्यावर फौज काढली. सुमारे 3,900 सैनिक आणि ओझ्याला तब्बल 19,000 बैल. मोहिमेची सूत्रं एका सेनापतीकडे नव्हती, तिघांच्या समितीकडे होती. त्यांतला एक आजारी पडून वारला, दुसऱ्याने प्रकृतीमुळे सेनापतिपद सोडलं. बोरघाट चढून आल्यावर कार्ल्यापर्यंतच्या आठेक मैलांना त्यांना अकरा दिवस लागले.

‘म्हणजे भूमकर चौकापेक्षा थोडं जास्तच,’ एक्सेल म्हणाला.

मराठी फौज समोर उभी राहून लढायला येईना. बाजूने यायची, रसद तोडायची आणि पसार व्हायची. 4 जानेवारी 1779 ला कार्ल्यापाशी कॅप्टन स्ट्यूअर्ट पडला. गडी इतका शूर की मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ करून टाकलं. 9 तारखेला फौज तळेगावला पोचली तर गाव रिकामं, जाळलेलं, दाणा नाही की वैरण नाही. पुण्यात महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांची तयारी त्याच्याही पुढची होती: वेळ आलीच तर चिंचवडही जाळायचं आणि पुणेही.

‘चिंचवड?’ वकील दचकला. त्याने तिथे टू बीएचके बुक केला आहे.

‘बलाढ्य माणसाला हरवायचं तर त्याला हवं ते त्याच्या हाती लागूच द्यायचं नाही,’ काका म्हणाले. दोन दिवसांनी रात्रीच्या अंधारात, तोफा तळ्यात ढकलून, कंपनीची फौज मागे फिरली आणि वडगावात घेरली गेली. जानेवारीच्या मध्यावर तह. 1773 पासून बळकावलेला सगळा मुलूख परत द्यायचा, असं लिहून दिलं. नंतर म्हणाले की सही करणाऱ्या समितीला तसा अधिकारच नव्हता. वकिलाने हे ऐकून पहिल्यांदाच इंग्रजांबद्दल आदराने मान हलवली.

काका वडगावापाशी थांबले. आपल्याकडे ही गोष्ट सांगणारे सहसा तिथेच थांबतात. पुढचं क्वालिटींनी सांगितलं. 1780 मध्ये नाना फडणीसांनी त्याहून मोठा डाव मांडला होता. पुणेकर, म्हैसूरचा हैदर अली, हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले, अशा चौघांनी चार बाजूंनी कंपनीवर तुटून पडायचं. कागदावर याच्याइतकी देखणी योजना नाही. वॉरन हेस्टिंग्जने निजामाला सलणारं गुंटूरचं प्रकरण मिटवून टाकलं, निजाम थंड. भोसल्यांची फौज बंगालवर निघाली ती कटकला जाऊन बसली आणि नागपूरकरांना लाखांनी रुपये पोचले. हैदर मात्र खरोखर लढला. सप्टेंबर 1780 ला पोल्लिलूरला त्याने कंपनीची अख्खी तुकडी बुडवली. पुणेकरही लढले. पण चारातले दोन मैदानात आलेच नाहीत, आणि 1782 ला सालबाईचा तह होऊन पुण्याने आपल्यापुरतं मिटवलं.

‘आपलं तसं होणार नाही,’ एक्सेल म्हणाला. ‘त्यांच्याकडे शीट नव्हती.’

ठरलेला रविवार आला. संध्याकाळी साडेसहाला सगळे डिस्कॉर्डवर हजर. दाजी माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवरून आले. भाचा आठवीत आहे, घरात त्याच्याइतका वेगवान लॅपटॉप कोणाकडे नाही.

‘दाजी, ऐकू येतंय का?’

‘येतंय. मला साडेनवाला डांगे चौकात नाइटची बस आहे. पटकन करा.’

‘दाजी, हे पावणेचारशे वर्षांचं आहे.’

‘मग लवकर सुरू करा ना.’

1453 ला दाजींनी इस्तंबूल घेतलं, तेही ‘कुठे क्लिक करू?’ असं विचारून. क्लिक कुठे करायचं ते आघाडीतल्या आम्हीच सांगितलं, कारण सांगितलं नसतं तर खेळ पुढे सरकत नव्हता. ठरल्याप्रमाणे 1460 च्या वसंतात आम्ही चौघांनी एकदम युद्ध पुकारायचं होतं. 1459 ला दाजी बोलले. एवढा वेळ ते गप्प होते, मागे ताई डबा भरत असल्याचा आवाज येत होता.

‘मला एक कळत नाही,’ ते म्हणाले, ‘आपलं भांडण कशावरून आहे?’

कोणी बोलेना. हा मुद्दा शीटमध्ये नव्हता.

‘वकीलसाहेब, तुम्हाला काय हवंय?’

‘तसं वैयक्तिक काही नाही. पण सर्बिया जर...’

‘घ्या सर्बिया. मी हातही लावत नाही. एक्सेल, तुला?’

ऑस्ट्रियाची तिजोरी उणे झाली होती. सम्राट होण्याच्या बेरजा करताना एक्सेलने कर्जाचं व्याज धरायचं राहून गेलं होतं. दाजींनी त्याला खेळातल्या खेळात घसघशीत नजराणा पाठवला. एक्सेलने ‘थँक यू दाजी’ म्हटलं आणि माइक म्यूट केला. मला म्हणाले, ‘तुझं क्रीट तुझ्याकडे, काळजी करू नको.’ मी काळजी सोडून दिली. घरचा शब्द होता.

‘काका, तुम्ही कुठे आहात?’

‘बिदरला.’

‘मग तुमचं-माझं काय?’

‘काहीच नाही,’ काका म्हणाले. ‘मला विजयनगरवाल्यांनी हैराण केलंय. तुमच्याकडे तोफा जास्त आहेत का?’

महिनोन् महिने आखलेली आघाडी अशी चहा निवायच्या आत मोडली. एकाही माणसाला फितूर झाल्यासारखं वाटलं नाही. प्रत्येकाला आपलं एक रास्त काम झालं एवढंच वाटलं. दाजींना फक्त बस पकडायची होती.

क्वालिटींनी काही मागितलं नाही. 1460 च्या वसंतात, ठरलेल्या महिन्यात, त्यांनी एकट्यांनी युद्ध पुकारलं. ‘चला,’ त्या म्हणाल्या. वकील म्हणाला, सर्बियाचा ताबा घेण्याची प्रक्रिया सुरू आहे. एक्सेल म्यूटवर होता. मी व्हेनिसची जहाजं बंदरात दुरुस्तीला घातली, ती खरोखरच जुनी झाली होती. मामलुकांनी एकट्याने सीरियात लागोपाठ दोन लढाया जिंकल्या. तिसऱ्या लढाईला आम्ही टाळ्यांच्या इमोजी पाठवल्या.

सव्वानऊला दाजी उठले. सेफ्टी शूजची लेस बांधता बांधता म्हणाले, ‘चालू द्या तुमचं,’ आणि डबा घेऊन गेले. या खेळात भिडू बाहेर पडला की त्याचा देश संगणक चालवतो. आम्ही निवांत झालो. आता ओटोमन एआयकडे. एआयला सोयरीक नसते, शिफ्ट नसते, पण भीड पडून काही देऊन टाकायची सवयही नसते, याचा मात्र कोणी विचार केला नाही.

दहा मिनिटांत ओटोमन जागा झाला. मामलुकांशी पांढरं निशाण, आणि तेच सैन्य फिरून सरळ सर्बियात. वकिलाने कलम 7 वाचून दाखवलं. सैन्य थांबलं नाही. बेलग्रेड पडलं. ऑस्ट्रियाने नजराणा खर्चून झाल्याचं कळवलं. मग एजियन समुद्रात शिडं दिसली. खऱ्या इतिहासात क्रीटवरच्या कँडिया शहराचा वेढा 1648 ते 1669 असा 21 वर्षं चालला होता, जगातल्या सर्वांत लांबलेल्या वेढ्यांत तो मोजतात. माझं क्रीट ताटं मांडायच्या आत गेलं.

‘एआय दाजींपेक्षा फारच चांगला खेळतोय,’ एक्सेल चक्रावून म्हणाला.

‘एआय एवढा चांगला खेळत नाही,’ क्वालिटी म्हणाल्या. ‘आणि मुळात ओटोमनच्या नावापुढे भिडू अजून जोडलेला दिसतोय.’

तेवढ्यात चॅटच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली: मामा सॉरी.

भाच्याला आठवीत लॅपटॉप कशाला, असं मी गेल्या वर्षी ताईला म्हणालो होतो. ते त्याने लक्षात ठेवलं असेल असं मला वाटत नाही. आणि असेल तरी काय करणार? भाच्याने मामाचं घेतलं तर आपल्याकडे त्याला लूट म्हणत नाहीत, मान म्हणतात. रात्री ताईचा फोन आला. ‘तू त्याला काही बोललास का? तो म्हणतोय मामा गप्प झालाय.’ मी भाच्याला फोनवर बोलावून घेतलं आणि क्रीट छान घेतलंस म्हणून शाबासकी दिली. तो म्हणाला, ‘मामा, व्हेनिसपण घेऊ का?’

पुढच्या रविवारी अमृततुल्यात आढावा बैठक झाली. खांबावरचं भांडण पुन्हा सुरू झालेलं असल्यामुळे एक्सेल आणि वकील टपरीच्या दोन टोकांना उभे होते आणि मुद्दे माझ्यामार्फत मांडत होते. चूक कोणाची, यावर एकमत होण्यासारखं नव्हतं. तेव्हा चूक ओटोमनची यावर झालं. नवी मोहीम, नवी शीट, आणि पहिला ठराव: ओटोमन या वेळी कोणालाच द्यायचा नाही.

‘कोणालाच दिला नाही तर तो एआयकडे जातो,’ क्वालिटी म्हणाल्या.

मग भाच्याला? मामा सोडून सगळे हो म्हणाले, आणि मामाने हात वर करायच्या आत ताईने त्याच्या घटक चाचणीचं कारण देऊन तो प्रश्न मिटवला. क्वालिटींना द्यावा? मग त्यांच्याविरुद्ध लढणार कोण, लढता तर त्यांनाच येतं. काका म्हणाले, मी बिदर सोडणार नाही. चहाची दुसरी फेरी झाली. या वेळी दाजी फर्स्ट शिफ्टला असल्यामुळे स्वतः हजर होते, भिंतीला टेकून क्रीम रोल खात. त्यांनी बोटं झटकली.

‘एवढं काय त्यात? राहू दे माझ्याकडेच. मी काही करत नाही.’

टपरीवर शांतता पसरली. एक्सेलने सावकाश फोन काढला, ओटोमनची ओळ शोधली आणि ते शेवटचं वाक्य जसंच्या तसं ‘धोका’ या रकान्यात लाल अक्षरांत टाकलं. वकील टपरीच्या त्या टोकाकडून चालत आला, शीटमध्ये डोकावला आणि खांब वगैरे विसरून म्हणाला, ‘बोल्ड कर.’